दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी : एका कुटुंबवत्सल व्यापाऱ्याचे पुण्यस्मरण

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मागे वळून पाहताना, ज्यांच्या खांद्यावर उभे राहून आपण आज येथवर पोहोचलो त्या पूर्वसूरींचे स्मरण करणे हे आपले कर्तव्य ठरते. काही पूर्वज आपल्या गावातले असतात, आपल्या घराण्यातले असतात. त्यांची नावे आपल्या वंशावळीत आणि दुकानाच्या जुन्या चोपड्यांत सापडतात. परंतु काही पूर्वज असे असतात की, ज्यांनी आपले गाव कधी पाहिले नाही आणि आपले नावही ऐकले नाही, तरीही त्यांनी लावलेल्या झाडाची सावली आपल्यापर्यंत पोहोचलेली असते. सुरतेत जन्मलेले, मुंबईत मोत्यांचा व्यापार केलेले आणि हिंदुस्थानभरच्या जैन समाजाने दानवीर म्हणून गौरविलेले शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी हे अशा पूर्वजांपैकी एक होत. त्यांच्या निधनाला एक शतकाहून अधिक काळ लोटला आहे. नव्या पिढीतील अनेकांना त्यांचे नावही ठाऊक नसेल. म्हणूनच त्यांचा जीवनपट येथे थोडक्यात सादर करण्याचा हा नम्र प्रयत्न आहे.

घराणे आणि बालपण

शेठजींचे घराणे मूळचे मेवाडातील भिंडर येथले. ते हुमड जातीचे दिगंबर जैन होते. त्यांचे आजोबा गुमानजी उदरनिर्वाहासाठी मेवाड सोडून सुरतेस आले. सुरत हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील पहिल्या प्रतीचे बंदर. परंतु एकोणिसाव्या शतकात त्याचे वैभव ओसरत चालले होते आणि व्यापार मुंबईकडे सरकत होता. अशा उतरत्या काळात, १८५१ साली, गुमानजींचे पुत्र हिराचंद यांच्या घरी माणिकचंदांचा जन्म झाला. मोतीचंद, पानाचंद, माणिकचंद आणि नवलचंद असे हे चार भाऊ. घरची परिस्थिती बेताची होती. शाळेत बसून दीर्घ शिक्षण घेण्याची सवड या मुलांना मिळाली नाही. लहान वयातच हाताला काम शोधणे प्राप्त झाले.

१८६० नंतरच्या काही वर्षांत हे बंधू मुंबईस आले. त्या वेळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैशाचा पूर लोटला होता. सट्ट्याच्या नादात मोठमोठी माणसे वाहून गेली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक पेढ्या एका रात्रीत बुडाल्या. या चढउतारात सुरतेहून आलेल्या या पोरवयाच्या भावांजवळ बुडण्यासारखे भांडवलच नव्हते. त्यांच्याजवळ होते ते हात, डोळे आणि शिकण्याची चिकाटी. माणिकचंद मोती ओवण्याच्या आणि पारखण्याच्या कामाला लागले.

मोत्यांची पेढी

आजच्या वाचकाला त्या धंद्याची कल्पना यावी म्हणून थोडे सांगणे आवश्यक आहे. इराणच्या आखातात, विशेषतः बहरीनच्या परिसरात, पाणबुडे समुद्रतळाशी जाऊन शिंपले काढीत. त्यातून निघालेला बराचसा माल मुंबईच्या बाजारात येई. तेथे छिद्रे पाडलेल्या चाळण्यांमधून मोती चाळून त्यांचे आकारमानाप्रमाणे वर्ग पाडले जात. कमानीने फिरणाऱ्या सुईसारख्या बारीक हत्याराने त्यांना वेज पाडले जाई. रंग, पाणी आणि गोलाई जुळवून ते रेशमी धाग्यात ओवले जात आणि त्यांच्या लडी तयार होत. मोत्याची किंमत केवळ वजनावर ठरत नसे. आकार दुप्पट झाला की मोल अनेक पटींनी वाढे, आणि ते मोजण्यासाठी चव नावाचे निराळे गणित होते. या धंद्यात नजर चुकली तर नुकसान होई, आणि शब्द चुकला तर धंदाच संपे. हजारो रुपयांचा माल केवळ विश्वासावर एका हातातून दुसऱ्या हातात जात असे.

माणिकचंदांनी हे सर्व काम खालच्या पायरीपासून शिकून घेतले. भावाभावांनी मिळून काटकसरीने थोडे भांडवल उभे केले आणि १८७० च्या सुमारास माणिकचंद पानाचंद जव्हेरी या नावाची स्वतःची पेढी सुरू झाली. पेढी लहान होती, पण व्यवहार चोख होता. सांगितलेला भाव आणि दाखविलेला माल यांत फरक पडत नाही, असा तिचा लौकिक हळूहळू झाला. पुढे पेढीचा संबंध युरोपातील व्यापाऱ्यांशी जुळला आणि माल परस्पर परदेशी जाऊ लागला. अशा रीतीने मजुरीने मोती ओवणारा मुलगा मुंबईतील अग्रगण्य जव्हेऱ्यांपैकी एक झाला. सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस नेमले, आणि त्यांच्या नावापुढे जे. पी. ही अक्षरे लागली.

ही भरभराट एकट्याची नव्हती. चार भावांचे एकत्र कुटुंब आणि एकत्र पेढी हा तिचा पाया होता. पुढे त्या कुटुंबाचे कर्तेपण माणिकचंदांकडे आले तेव्हा त्यांनी ते अधिकार म्हणून न मिरविता जबाबदारी म्हणून सांभाळले. चौपाटीवरील त्यांच्या निवासस्थानी चैत्यालय होते आणि दिवसाची सुरुवात दर्शन-पूजनाने होई. पुतण्यांचे शिक्षण, लेकींचे संसार, नातलगांच्या अडीअडचणी या सर्व गोष्टींत त्यांचे लक्ष असे.

लेकीचे दुःख आणि एक नवी वाट

या कुटुंबवत्सल पुरुषाच्या वाट्याला एक मोठे दुःख आले. त्यांची कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. त्या काळात विधवेचे जीवन कसे असे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. घरातील अंधारी खोली, व्रत-उपवास आणि इतरांच्या मुलांचे संगोपन, एवढ्यावर तिचे उर्वरित आयुष्य संपत असे. श्रीमंत घरातही यापेक्षा निराळे घडत नसे. फार तर तिला अन्नवस्त्राची ददात नसे.

शेठजींनी मात्र निराळा विचार केला. त्यांनी मुलीला जवळ ठेवून घेतले आणि तिच्या हाती पुस्तक दिले. शिक्षक नेमून तिला संस्कृत आणि धर्मग्रंथ शिकविण्याची व्यवस्था केली. नातलगांत आणि समाजात कुजबुज झाली नसेल असे म्हणवत नाही. विधवेने शिकून काय करावयाचे, हा प्रश्न तेव्हा भल्याभल्यांना पडत असे. पुण्यात महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा त्यांना किती विरोध सोसावा लागला हे सर्वश्रुत आहे. स्वतः फारसे न शिकलेल्या एका व्यापाऱ्याने आपल्या घरात तोच प्रश्न सोडविला, आणि तोही सभेत भाषण न करता, आपल्या लेकीच्या दुःखाकडे डोळे उघडे ठेवून पाहत.

या शिक्षणाचे फळ केवळ मगनबाईंपुरते राहिले नाही. त्या गावोगावी फिरून स्त्रियांना शिक्षणाचे महत्त्व पटवू लागल्या. ललिताबाई आणि सोलापूरच्या कंकुबाई यांच्या सहकार्याने त्यांनी श्राविकाश्रमाचे कार्य उभे केले. या कंकुबाई म्हणजे सोलापूरचे प्रसिद्ध व्यापारी आणि जैन बोधक या मराठी नियतकालिकाचे संस्थापक शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या. मुंबईच्या श्राविकाश्रमात अनाथ, विधवा आणि परित्यक्ता स्त्रिया शिकल्या आणि त्यांतील कित्येक जणी पुढे शिक्षिका झाल्या. १९३० मध्ये मगनबाईंचे निधन झाले, तोवर त्या समाजात महिलारत्न म्हणून ओळखल्या जात होत्या. पित्याने मुलीला दिलेल्या दानांत सर्वांत मोठे दान कोणते, याचे उत्तर या एका चरित्रात मिळते.

वसतिगृहांची कल्पना

शेठजींच्या दानधर्माची यादी फार मोठी आहे. तीर्थक्षेत्रांचे जीर्णोद्धार, मंदिरे, धर्मशाळा, दुष्काळातील मदत या सर्व ठिकाणी त्यांचा हात सढळ होता. परंतु त्यांच्या दानात एक गोष्ट विशेष होती. आपल्या समाजात तोपर्यंत दान म्हटले की मंदिर आणि प्रतिष्ठा-महोत्सव हेच डोळ्यांसमोर येई. शेठजींनी मंदिराची सेवा सोडली नाही, पण त्याच भक्तीने त्यांनी विद्यार्थ्यांसाठी छप्पर उभे करावयास प्रारंभ केला.

खेड्यापाड्यांतील जैन मुलगा हुशार असला तरी शिक्षणासाठी शहरात आल्यावर त्याने राहावयाचे कोठे, हा प्रश्न होता. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, गाळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग हे नियम पाळून खाणावळीत जेवणे त्याला शक्य नसे. परिणामी पुष्कळ मुले शाळा सोडून वडिलांच्या दुकानात बसत. ही अडचण शेठजींनी ओळखली, कारण परक्या शहरात आधाराविना राहणे काय असते हे त्यांनी स्वतः अनुभविले होते. मुंबईत तारदेव येथे त्यांनी वडिलांच्या नावाने हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केले. तेथे मुलांना राहण्याजेवण्याची सोय होती आणि कॉलेजातील अभ्यासाबरोबर धर्मशिक्षणही मिळे. अहमदाबाद येथे पुतण्याच्या स्मरणार्थ प्रेमचंद मोतीचंद दिगंबर जैन बोर्डिंग स्थापन झाले.

आपल्या महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कार्य कोल्हापूरचे. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. शेती करणाऱ्या जैन बांधवांच्या मुलांना शिक्षण मिळावे हा तिचा एक प्रमुख हेतू होता. छत्रपती शाहू महाराज त्या वेळी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे स्थापन करण्यास उत्तेजन देत होते. तेथील जैन बोर्डिंगच्या वास्तूसाठी शेठजींनी उदार देणगी दिली. देणारा हुमड व्यापारी, मुंबईचा, गुजराती बोलणारा. आणि राहणारी मुले मराठी-कानडी बोलणाऱ्या शेतकऱ्यांची. जातीचे आणि भाषेचे भेद त्या काळी आजच्यापेक्षा कितीतरी कडक होते. ते भेद शेठजींच्या दानाच्या आड आले नाहीत.

या बोर्डिंगात शिकलेल्या विद्यार्थ्यांत कुंभोजच्या एका जैन कुटुंबातील भाऊराव पायगोंडा पाटील हा एक मुलगा होता. तो तेथे फार काळ रमला नाही आणि शिस्तीच्या चौकटीतही फारसा बसला नाही. परंतु खेड्यातल्या मुलाला शहरात निवारा मिळाला तर त्याचे आयुष्य पालटते, हे त्याने तेथे पाहिले. याच भाऊरावांनी पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहून शिकतील अशी वसतिगृहे उभारली. एका समाजापुरते असलेले छप्पर त्यांनी अवघ्या रयतेवर पसरले. दान देणाऱ्याच्या हातून सुटले की ते कोठवर जाईल, हे दात्यालाही सांगता येत नाही, याचे याहून सुंदर उदाहरण विरळा.

हिराबाग, तीर्थरक्षा आणि ग्रंथप्रकाशन

मुंबईत सी. पी. टँक येथील हिराबाग धर्मशाळा हीही शेठजींच्या कुटुंबाचीच देणगी. तिला नाव पित्याचे, हिराचंदांचे. परगावाहून औषधोपचारासाठी, व्यापारासाठी वा यात्रेसाठी येणाऱ्या माणसाला तेथे आसरा मिळू लागला. तेथील सभागृह सार्वजनिक कार्यालाही खुले असे. दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर जानेवारी १९१५ मध्ये महात्मा गांधींच्या स्वागताची एक सभा याच हिराबागेत भरली होती.

१९०२ मध्ये भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीची स्थापना झाली. तिच्या स्थापनेत आणि कारभारात शेठजी अग्रभागी होते. तीर्थांच्या मिळकती, हिशेब आणि हक्क यांकडे तोवर व्यवस्थित लक्ष दिले जात नव्हते. पेढीवरील चोख हिशेबाची सवय त्यांनी तीर्थांच्या कारभारात आणली. १९०७ च्या सुमारास सम्मेद शिखरजीच्या पवित्र पहाडावर युरोपियनांसाठी बंगले बांधण्याचा बेत पुढे आला, तेव्हा समाजात तीव्र खळबळ उडाली. त्याविरुद्ध झालेल्या प्रयत्नांत शेठजींचा पुढाकार होता. अखेर तो बेत रद्द झाला.

१९०५ मध्ये काशी येथे गणेशप्रसाद वर्णी यांच्या प्रयत्नांतून स्याद्वाद महाविद्यालय स्थापन झाले. त्याची हकीकत मोठी हृद्य आहे. वर्णीजींना या कार्यासाठी पहिली देणगी मिळाली ती एका रुपयाची. त्या रुपयाची त्यांनी चौसष्ट पोस्टकार्डे घेतली आणि ती गावोगावच्या श्रावकांना लिहिली. त्या पत्रांतून विद्यालय उभे राहिले, आणि त्याचे उद्घाटन झाले ते शेठ माणिकचंदांच्या हस्ते. एक रुपया देणारा आणि लाखो रुपये देणारा, दोघेही एकाच पुण्यकार्याचे वाटेकरी झाले.

धर्मग्रंथ छापावेत की नाही, हा त्या काळी मोठ्या वादाचा विषय होता. छापखान्यात ग्रंथाची विटंबना होते, असे अनेक श्रद्धाळूंना प्रामाणिकपणे वाटे. हस्तलिखिते भांडारांत कुलुपबंद राहत आणि वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडत. शेठजी छपाईच्या बाजूने उभे राहिले. लखनौचे शीतलप्रसादजी, ज्यांनी १९०४ मध्ये साथीच्या रोगात पत्नी, माता आणि बंधू गमावले होते, ते मुंबईस शेठजींच्या आश्रयाला येऊन धर्मकार्यास वाहून घेते झाले. पुढे ब्रह्मचारी झालेल्या याच शीतलप्रसादजींनी शेठजींचे विस्तृत चरित्र लिहिले.

आणखी एका कार्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. देशात दिगंबर जैन कोठे आणि किती आहेत, याची गावनिहाय नोंद करण्याचे काम शेठजींच्या प्रेरणेने हाती घेण्यात आले. कित्येक वर्षांच्या परिश्रमानंतर १९१४ मध्ये ती डिरेक्टरी प्रसिद्ध झाली. साडेचार लाखांच्या आसपास लोकसंख्या आणि ८७ जाती तिच्यात नोंदविल्या गेल्या. समाज म्हणजे केवळ मुंबई-सुरतेचे श्रीमंत नव्हेत, आडगावी एकटे दुकान चालविणारे घरही समाजाचेच आहे, ही जाणीव त्या मोजणीमागे होती.

निर्वाण आणि मागे उरलेले

जुलै १९१४ मध्ये शेठजींनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांनी आपल्या मिळकतीचा मोठा भाग आधीच धर्मादायासाठी बाजूला काढून ठेवला होता. तारदेव येथील ज्युबिली बागेची मिळकत त्यांपैकीच. १९१५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला सुरू झाली. पंडित नाथूराम प्रेमी यांनी तिची धुरा वाहिली आणि दुर्मिळ संस्कृत-प्राकृत ग्रंथ केवळ खर्चाच्या किमतीत अभ्यासकांच्या हाती दिले. स्वतः संस्कृत न शिकलेल्या एका व्यापाऱ्याच्या नावावर आज ही ग्रंथसंपदा उभी आहे.

शेठजींच्या निधनानंतर काही आठवड्यांतच पहिले महायुद्ध भडकले. पुढे जपानमध्ये शिंपल्यांत मुद्दाम मोती तयार करण्याची विद्या यशस्वी झाली. असे मोती स्वस्तात बाजारात आले, १९३० च्या सुमारास जगभर मंदी पसरली आणि आखातातील नैसर्गिक मोत्यांचा शतकानुशतकांचा व्यापार पाहता पाहता बसला. ज्या धंद्यावर शेठजींची संपत्ती उभी होती तो धंदाच नाहीसा झाला. त्यांनी सर्व धन मोत्यांतच गुंतवून ठेवले असते, तर आज त्यांचे नाव घेण्यास कारण उरले नसते. जे त्यांनी तिजोरीबाहेर काढले, तेच टिकले.

शेठजींनी उभारलेल्या प्रमुख संस्थांची नावे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत वडिलांचे नाव आहे, आजोबांचे आहे, पुतण्याचे आहे. हयातीत त्यांनी आपल्या नावापेक्षा घरातल्या माणसांची नावे पुढे ठेवली. कुटुंबप्रमुख कसा असावा, याचा हा अबोल धडा आहे.

आपले चामोर्शी हे वैनगंगेच्या आणि मार्कंड्याच्या सान्निध्यातील, भातशेती आणि जंगल यांच्या कुशीतले गाव. पूर्वी ते चांदा जिल्ह्यात होते, २६ ऑगस्ट १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे. येथे मुंबईच्या जव्हेरी बाजारासारखी संपत्ती नाही. येथील व्यापार धान्य-किराण्याचा, कापडाचा, हंगामावर चालणारा. परंतु शेठजींना जी अडचण शंभर वर्षांपूर्वी दिसली ती आपल्याला आजही अपरिचित नाही. बारावी झालेल्या मुलाला वा मुलीला घेऊन चंद्रपूरला किंवा नागपूरला खोली शोधत फिरलेला प्रत्येक पालक ती जाणतो. २०११ मध्ये गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ आले, तरी दूरच्या खेड्यातील लेकरांना राहण्याच्या जागेचा प्रश्न सुटलेला नाही. आपल्या ट्रस्टने पुढील वाटचालीत एखादी खोली, एखादी शिष्यवृत्ती, एखाद्या मुलीच्या शिक्षणाचा भार उचलला, तर तो याच परंपरेचा विस्तार ठरेल. त्यासाठी लाखो रुपयेच हवेत असे नाही. काशीचे विद्यालय एका रुपयाच्या चौसष्ट पोस्टकार्डांवर उभे राहिले, हे आपण विसरू नये.

मोती ओवता ओवता माणसे ओवणाऱ्या या थोर कुटुंबप्रमुखाच्या पावन स्मृतीस सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी विनम्र अभिवादन.